जनुक-नियंत्रण आणि जठराचा कर्करोग

मानवी शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत तीच जनुके असतात. मात्र कोणते जनुक केव्हा कार्यरत राहील, हे पेशीनुसार ठरते. या प्रक्रियेस जनुक-नियंत्रण म्हणतात. ते ढासळल्यास काय घडते, याचे ठळक उदाहरण म्हणजे जठराचा कर्करोग. राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमानुसार भारतात मिझोराममध्ये या रोगाचे प्रमाण विशेष आढळते. खारवलेले व धुरावलेले अन्न, तंबाखू आणि हेलिकोबॅक्टर पायलोरी या जीवाणूचा संसर्ग ही त्याची महत्त्वाची कारणे होत.

१९९४ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने या जीवाणूचा समावेश कर्करोगकारक घटकांत केला. त्याच्या संसर्गामुळे जठराच्या अस्तराचा दाह वर्षानुवर्षे चालू राहतो व डीएनएवर ठिकठिकाणी मिथिल गट जोडले जातात. जनुकाच्या आरंभीच्या नियंत्रक भागावर ते साचले, की डीएनएचा अनुक्रम न बदलताही जनुक मूक होते.

सीडीएच-१ या जनुकापासून बनणारे ई-कॅडहेरिन प्रथिन पेशींना एकमेकींशी जोडून ठेवते. हे जनुक मूक झाल्यास पेशी सुट्या होऊन आसपासच्या ऊतींत शिरतात. एमएलएच-१ हे डीएनए-दुरुस्तीचे जनुक मूक झाल्यास अनुक्रमातील चुका साचत जातात. याउलट, हर-२ जनुकाच्या प्रती वाढल्यास पेशीविभाजनाचा संदेश सतत मिळत राहतो.

या ज्ञानामुळे उपचारांना दिशा मिळाली आहे. हर-२ चे प्रमाण अधिक असलेल्या प्रगत अवस्थेतील रुग्णांना केमोथेरपीसोबत ट्रास्टुझुमॅब दिल्यास मध्यक जीवनकाल ११.१ वरून १३.८ महिन्यांपर्यंत वाढतो, असे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसून आले. दुरुस्ती-यंत्रणा निकामी झालेल्या गाठींवर प्रतिकारशक्तीस चालना देणारी औषधे अधिक गुणकारी ठरतात. म्हणूनच प्रगत अवस्थेत औषधांची निवड करण्यापूर्वी गाठीच्या नमुन्याची तपासणी आवश्यक असते. मूक जनुके पुन्हा कार्यरत करणारी औषधे काही रक्तविकारांत वापरली जातात. जठराच्या कर्करोगाबाबत मात्र ती अद्याप संशोधनाच्या टप्प्यावर आहेत.

लाभाचा हा काळ महिन्यांत मोजावा लागतो, याचे एक कारण म्हणजे रोगाचे निदान बहुधा उशिरा होते. उत्परिवर्तन सहसा कायमचे असते. मिथिल गटांचा थर मात्र जीवाणू-संसर्ग दूर झाल्यावर अंशतः ओसरतो. म्हणून संसर्गाचे वेळीच निदान व प्रतिजैविकांचा पूर्ण उपचार, तसेच आहारात बदल व तंबाखूचा त्याग, हे महागड्या औषधांइतकेच महत्त्वाचे आहेत.