वासिलिसाला शिक्षा कशाची?

रशियन परीकथांवरच्या ॲनिमेशनपटांतल्या स्त्रियांचा विषय निघाला की चर्चा बहुधा एकाच प्रश्नापाशी घुटमळते: नायिका सबळ आहे की दुर्बळ? ती बापाला उलट उत्तर देते, की खिडकीत बसून राजपुत्राची वाट पाहते? या मोजपट्टीवर माझा विश्वास नाही. बोलण्यातला ठसका पटकन कानात भरतो आणि खरा बदल नजरेतून निसटतो. गोष्ट ज्या ज्ञानाच्या बळावर पुढे सरकते ते कोणाकडे आहे आणि पडद्यावर येताना त्याचं काय होतं, हे आधी पाहायला हवं. मागच्या लेखांत आपण अनेक चित्रपटांवरून नजर फिरवली; या आठवड्यात मुक्काम एकाच कथेवर, ‘बेडकी राजकन्या’वर.

अलेक्सांद्र अफनास्येव यांनी १८५५ ते १८६३ या काळात रशियन लोककथांचा संग्रह प्रसिद्ध केला. त्यात या कथेची एकाहून अधिक रूपं आहेत. पुढे १९४०च्या सुमारास अलेक्सेय तोलस्तोय यांनी (‘युद्ध आणि शांती’चे लेखक ते वेगळे) मुलांसाठी तयार केलेली संहिता घरोघर पोचली. झारचे तीन मुलगे बाण सोडतात. थोरल्या दोघांना सरदाराची आणि व्यापाऱ्याची मुलगी मिळते; धाकट्या इवानचा बाण दलदलीत पडतो आणि त्याच्या नशिबी बेडकी येते. मग झार सुनांची परीक्षा घेतो. पाव भाजायचा हुकूम होतो त्या रात्री दोघी जावा एका म्हातारीला टेहळणीसाठी पाठवतात. बेडकी ते ओळखते. ती भट्टीला वरून भगदाड पाडते आणि मळलेलं सगळं पीठ त्यात उपडं करते. म्हातारी धावत जाऊन पाहिलेलं सांगते, जावा तसंच करतात आणि फसतात. इकडे सगळे झोपल्यावर बेडकी कातडी उतरवते, वासिलिसा होते आणि असा पाव करते की त्याच्या अंगावर नक्षी आणि कडेला वेशींसकट शहरं उठलेली. मेजवानीतही हाच प्रकार. ती उरलेली दारू डाव्या बाहीत ओतते, हाडं उजव्या बाहीत टाकते आणि नाचताना बाह्या झटकते, तेव्हा तळं आणि हंस प्रकटतात. जावा नक्कल करतात, तर पाहुण्यांवर शिंतोडे उडतात आणि एक हाड थेट झारच्या डोळ्यावर बसतं. चातुर्य, कसब, जादू, सगळं इथे एकाच बाईच्या हाती आहे.

आता प्रश्न असा, की अशी बाई बेडकी झालीच का? तोलस्तोय यांच्या संहितेत एक म्हातारा इवानला कारण सांगतो. वासिलिसा आपल्या बापापेक्षा हुशार निपजली. म्हणून बापानं रागावून तिला तीन वर्षं बेडकी करून टाकलं. शिक्षा तिच्या बुद्धीची आहे. व्लादिमीर प्रॉप यांनी १९२८च्या आपल्या ग्रंथात परीकथेतल्या पात्रांचे सात प्रकार सांगितले. त्यात राजकन्येची जागा ‘जिचा शोध घ्यायचा ती’ अशी आहे. अर्थात एकच पात्र अनेक भूमिका निभावू शकतं, हेही त्यांनी नोंदवलं. वासिलिसा त्याचं उत्तम उदाहरण. कथेच्या पहिल्या अर्ध्या भागात नायकाची मदतनीस तीच असते. अधीर इवान कातडी जाळतो, तेव्हा ती नाहीशी होते आणि ‘शोध घ्यायची’ वस्तू बनते. तिचं हे स्थान नायकाच्या चुकीतून निर्माण होतं, म्हणून त्याचा पुढचा सगळा प्रवास हे त्या चुकीचं प्रायश्चित्त ठरतं.

मॉस्कोच्या सोयुझमुल्तफिल्म या स्टुडिओत मिखाईल त्सेखानोव्स्की यांनी १९५४ साली या कथेवर चित्रपट केला. देखणा चित्रपट आहे, आणि हंसांच्या नाचाचा प्रसंग आजही मोहून टाकतो. पण त्यात सुरुवातीलाच कारण बदललेलं आहे. इथे खलनायक अमर कोश्चेई वासिलिसाला लग्नाची मागणी घालतो, ती धुडकावते आणि तो तिला बेडकी करतो. बापाच्या जागी झिडकारलेला मागणीदार आला. बदल वरवर किरकोळ वाटतो. शिवाय नकार देणारी मुलगी आपल्याला मानी वाटते, म्हणून तो बदल स्त्रीच्या बाजूनं झाल्यासारखाही भासतो. परिणाम मात्र उलटा आहे. बापापेक्षा हुशार निघालेल्या मुलीची गोष्ट आता एका सुंदर मुलीवर हक्क सांगणाऱ्या दोन पुरुषांची गोष्ट होते. इवानची चूकही त्यात लहान होऊन जाते. खरा अपराधी पहिल्या दृश्यातच ठरून गेलेला असल्यामुळे त्याचा प्रवास प्रायश्चित्ताऐवजी सुटकेची मोहीम वाटू लागतो.

या रूपांतराला त्या काळच्या तंत्राचीही साथ होती. १९४०च्या दशकाच्या शेवटी आणि १९५०च्या दशकात या स्टुडिओत माणसांची पात्रं रेखाटताना ‘एक्लेर’ पद्धत सर्रास वापरत. आधी खऱ्या नटनटींचा अभिनय चित्रित करायचा, मग ती फिल्म एकेक चौकट थांबवून काचेवर पाडायची आणि चित्रकारानं त्यावरून रेषा गिरवायची. त्यातून चालीला, मान वळवण्याला, हाताच्या फिरकीला विलक्षण खरेपणा येतो. त्याबरोबर रंगमंचावरच्या नायिकेचं त्या काळचं वळणही जसंच्या तसं उतरतं: खाली झुकलेली नजर, सावकाश उठणारा हात. हे तंत्र डौल टिपण्यात पटाईत आहे. मनात शिजणारी युक्ती त्याच्या रेषेत सहजी सापडत नाही. म्हणून नाचणारी वासिलिसा डोळ्यांत राहते आणि विचार करणारी वासिलिसा मागे पडते.

यावर पहिला आक्षेप येईल तो वेळेचा. पाऊण तासाच्या आतबाहेरच्या बालपटात काटछाट होणारच. ती मला मान्य आहे, पण काटछाटीनं कारणं गळतात, बदलत नाहीत. ‘ती बापापेक्षा हुशार होती’ हे सांगायला ‘तिनं लग्नाला नकार दिला’ याच्याहून जास्त वेळ लागत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मूळ लोककथा तरी कुठे स्त्रीमुक्तीची? सुनेनं पाव भाजायचा, सदरा शिवायचा, सासऱ्याची मर्जी राखायची, आणि शेवटी नवऱ्यानं सोडवून न्यायचं. हे सगळं खरं आहे. या कथांना आजच्या विचारांचे कपडे चढवायची मला हौस नाही. पण शेतकरी घरांत सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीत सत्ता कुठे दिसणार? चुलीपाशी आणि मागापाशीच. तिथलं कसब कथेनं इतकं मोठं केलं, की झारच्या दरबारालाही ते पाहत राहावं लागलं. चौकट जुनी होती हे कबूल करूनही, तिच्या आतला मोठेपणा पुसला गेल्याची तक्रार करता येते.

तिसरा आक्षेप काळाचा. स्त्रीपुरुष समतेची घोषणा करणाऱ्या राजवटीत, जिथे वालेंतिना आणि झिनाईदा ब्रुम्बेर्ग या बहिणी, ओल्गा खोदातायेवा, अलेक्सांद्रा स्नेझ्को-ब्लोत्स्काया अशा स्त्रिया दिग्दर्शन करत होत्या, तिथे नायिका आपोआप कशी मवाळ होईल? माझं उत्तर असं, की आपोआप काहीच होत नव्हतं. प्रत्येक चित्रपटात निवड होत होती. लेव अतामानोव यांचा १९५२चा ‘किरमिजी फूल’ घ्या. सेर्गेय अक्साकोव यांची ही कथा १८५८ साली छापली गेली, आणि ती आपण लहानपणी पेलागेया या घरकाम पाहणाऱ्या बाईकडून ऐकल्याचं त्यांनी सांगून ठेवलं आहे. व्यापाऱ्याची धाकटी मुलगी बापाच्या बदली राक्षसाकडे स्वतःहून जाते आणि गोष्ट तिच्या त्या निर्णयावर फिरते. चित्रपटातली नास्तेंका कितीही नाजूक आणि एक्लेरच्या वळणाची असली, तरी तो निर्णय तिच्याकडेच राहिला आहे. तोच स्टुडिओ, तेच दशक, तेच तंत्र. म्हणजे ‘बेडकी राजकन्ये’त जे झालं ते टाळता येत होतं.

रोमान दाविदोव यांच्या १९७५च्या ‘वासिलिसा मिकुलिश्ना’नं तर ते निःसंशय दाखवून दिलं. ही परीकथा नव्हे, ‘बिलिना’ म्हणजे वीरगाथा आहे. बायकोच्या बढाया मारल्यामुळे स्तावर नावाचा माणूस कीवच्या राजाच्या कैदेत पडतो, आणि ती बायको, म्हणजे ही दुसरी वासिलिसा, पुरुषवेष घेऊन, दूत बनून दरबारात जाते आणि त्याला सोडवते. इथे सोडवायची वस्तू नवरा आहे. मुलांना हे समजणार नाही, अशी भीती कोणाला वाटली नाही.

अलीकडच्या चित्रपटांबद्दल मात्र माझं मत कडक आहे. सेंट पीटर्सबर्गच्या मेलनित्सा स्टुडिओच्या वीरपटांत, २००४च्या ‘अल्योशा पोपोविच आणि तुगारिन झ्मेई’पासून, बायका बोलतात फार छान. प्रेक्षक खूश होतात, समीक्षक त्यांना आधुनिक म्हणतात. पण २००६च्या ‘दोब्रिन्या निकितिच’मधली झाबावा पाहा: इतकी तडफदार मुलगी, आणि तिला पळवलं जातं, मग तिला सोडवायला पुरुष निघतात. तिला जे ठाऊक आहे त्यानं कथेचा एकही सांधा फिरत नाही. दलदलीतली ती बेडकी तोंडानं याच्या निम्मंही बोलत नाही. पण तिला वगळलं तर कथाच उभी राहत नाही.

या सगळ्या चित्रपटांत एक स्त्री अशी आहे जिचं ज्ञान कोणालाच काढून घेता आलं नाही: इवानला कोश्चेईच्या मरणाचा ठावठिकाणा सांगणारी बाबा यागा. ती म्हातारी आहे, कुरूप आहे, आणि तिच्याशी कोणाला लग्न करायचं नाही. अलेक्सांद्र रोऊ यांच्या १९३९च्या चित्रपटात तर ती भूमिका गेओर्गी मिल्यार या पुरुष नटानं केली आणि पुढे अनेक चित्रपटांत तोच ती करत राहिला. जाणती बाई पडद्यावर आणायची तर ती म्हातारी आणि भयानकच का व्हावी लागते, याचा विचार पुढच्या आठवड्यात.