रिव्हर्स गिअर न पडणारी मोटार : निदानाचा क्रम व दुरुस्ती

प्रस्तावना :

रत्नागिरी हे चढउतारांचे शहर आहे. जांभ्याच्या सड्यावरून समुद्राकडे उतरणाऱ्या अरुंद रस्त्यांवर समोरून वाहन आले की दोघांपैकी एकाला मागे जावेच लागते. अशा वेळी मोटारीचा रिव्हर्स गिअर पडला नाही, तर तो केवळ गैरसोयीचा प्रश्न राहत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९९ नुसारही, दुचाकीसारखे अपवाद वगळता, वाहन स्वतःच्या शक्तीने मागे जाऊ शकणे आवश्यक आहे.

काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात प्रस्तुत लेखकाच्या मोटारीत हा दोष उद्भवला. एका कार्यशाळेत गिअरबॉक्स उतरविण्याचा सल्ला मिळाला. दुसऱ्या कारागिराने प्रथम इंजिन बंद करून गिअर टाकून पाहिला. तो विनासायास पडला. दोष क्लचच्या सैल झालेल्या वायरीत होता आणि अर्ध्या तासात तो दूर झाला. गिअरबॉक्स उघडण्यापूर्वी कोणत्या क्रमाने तपासणी करावी, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

यंत्ररचना :

परस्परांत गुंतलेली दोन दातेरी चक्रे विरुद्ध दिशांना फिरतात. त्यांच्यामध्ये तिसरे चक्र आणले की शेवटच्या चक्राची दिशा उलटते. या तिसऱ्या चक्रास आयडलर गिअर म्हणतात. हाताने गिअर बदलण्याच्या अनेक मोटारींत रिव्हर्स टाकताना हे चक्र सरकून मध्ये येते. पुढच्या गिअरांना वेगांचा मेळ घालणारा सिंक्रोनायझर असतो; रिव्हर्सला तो बहुधा नसतो. त्यामुळे आतील दांडा फिरत असेल तर दाते करकरतात आणि दात्यासमोर दाता आला तर गिअर अडतो.

म्हणून प्रत्येक अडथळा हा दोष नव्हे. मोटार पूर्ण थांबवावी, क्लच तळापर्यंत दाबून तीन-चार सेकंद थांबावे व मग रिव्हर्स टाकावा. तरीही न पडल्यास न्यूट्रलमध्ये क्लच एकदा सोडून पुन्हा दाबावा. अथवा आधी पुढचा एखादा गिअर टाकून मग रिव्हर्स टाकावा. काही मोटारींत दांडा खाली दाबावा लागतो किंवा त्यावरील कडे वर उचलावे लागते, हेही ध्यानात ठेवावे.

निदानाचा क्रम :

तपासणी सपाट जागी, हँडब्रेक ओढून, चाकांना पुढून व मागून लाकडी ठोकळे लावून करावी. मोटारीच्या पुढे-मागे कोणीही उभे राहू नये.

१) इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून रिव्हर्स टाकावा. इंजिन बंद असताना तो पडतो, पण चालू असताना करकरतो वा अडतो, असे असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही, हे संभवनीय कारण होय. अशा वेळी पुढचे गिअरही जड जातात. वायरीचा क्लच असल्यास तिचा ताण उत्पादकाच्या पुस्तिकेनुसार जुळवावा. द्रवावर चालणाऱ्या क्लचमध्ये द्रवाची पातळी, गळती व नळीत शिरलेली हवा तपासावी.

२) इंजिन बंद असतानाही रिव्हर्स पडत नाही, पण इतर गिअर पडतात, असे असेल तर दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंतच्या जोडण्या पाहाव्यात. अनेक मोटारींत रिव्हर्सची जागा टोकाला असते. त्यामुळे झिजलेल्या बुशामुळे दांड्याची हालचाल कमी पडू लागली की त्याचा परिणाम तेथे प्रथम जाणवतो. बुश बदलणे वा वायर जुळवणे हे गिअरबॉक्स न उतरविता होणारे काम आहे.

३) रिव्हर्स पडल्यावर मागचा पांढरा दिवा लागतो का, ते पाहावे. त्याची कळ बहुधा गिअरबॉक्सवर असते. दिवा लागला तर आतील सरकती दांडी जागेवर पोहोचली, असा अंदाज बांधता येतो. दिवा न लागल्यास आधी बल्ब तपासावा.

४) गिअर पडतो, परंतु मोटार मागे जात नाही किंवा गिअर निसटतो, पुढचे गिअर मात्र व्यवस्थित चालतात. अशा स्थितीत आयडलर गिअरचे दाते वा शिफ्टर फोर्क झिजल्याची शक्यता बळावते. गिअरबॉक्स उघडण्याची वेळ येते ती येथे.

कोकणातील विशेष कारणे :

खारी हवा व दीर्घ पावसाळा यांमुळे उघड्या जोडण्या गंजतात. मोटार पावसात अनेक आठवडे उभी राहिल्यास क्लचप्लेट फ्लायव्हीलला चिकटते आणि इंजिन चालू असताना कोणताच गिअर पडत नाही. आठवड्यातून एकदा मोटार काही किलोमीटर चालविणे हा यावरील सोपा प्रतिबंध होय. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या महापुरात अनेक वाहने पाण्याखाली गेली. अशा वाहनांच्या गिअरबॉक्समध्ये हवेच्या छिद्रातून पाणी शिरू शकते. तेल दुधाळ दिसल्यास मोटार न चालविता ते बदलून घ्यावे.

स्वयंचलित गिअरच्या मोटारींना वरील क्रम जसाच्या तसा लागू होत नाही. त्यांत ब्रेकची कळ, बॅटरीचा दाब, द्रवाची पातळी व संगणकात नोंदलेला दोष-संकेत यांपासून आरंभ करावा.

निष्कर्ष :

स्वस्त व बाहेरील कारणे प्रथम, खर्चिक व आतील कारणे शेवटी, हा या निदानाचा गाभा आहे. मोटार कार्यशाळेत देताना ‘इंजिन बंद असताना गिअर पडतो का?’ हा एक प्रश्न मालकाने अवश्य विचारावा. मात्र दोष दूर होईपर्यंत अशी मोटार उतारावर वा घाटात नेऊ नये. जेथून मागे येता येणार नाही, तेथे पुढे जाणेही सुरक्षित नसते.