हिशेब स्प्रेडशीटवर, भाग ६ : ३१ मार्च आणि शीतगृहातली मिरची

गेल्या भागात आपण तेरीज जुळवली. दोन्ही बाजूंची बेरीज सारखी आली की सुटलो असे वाटते. पण तेरजेत फक्त लिहिलेले व्यवहार येतात. जे घडले आणि लिहायचे राहिले, किंवा जे लिहिले पण पुढच्या वर्षाचे आहे, त्याचा तिला पत्ता नसतो. ते दुरुस्त करणाऱ्या अखेरच्या नोंदी म्हणजे समायोजन नोंदी.

उदाहरण दोंडाईच्याच्या मिरचीचे घेऊ. दसरा-दिवाळीच्या सुमारास ओल्या लाल मिरचीची आवक सुरू होते. व्यापारी ती पथारीवर सुकवतात, देठ काढून निवडतात, पोती भरतात. थोडा माल लगेच विकला जातो, थोडा भाव येईपर्यंत शीतगृहात राहतो. पूर्वी पेढ्या दिवाळीला वह्या बदलत. तोवर मागच्या हंगामाचा बराच माल उठलेला असे आणि नवा हंगाम नुकताच तोंडावर असे, त्यामुळे अखेरीला ओढाताण कमी होती. मार्च १९८९ पासून मात्र आयकरासाठी सर्वांची वर्षअखेर ३१ मार्च ठरली. ही तारीख मिरचीच्या हंगामाला मध्येच कापते. माल पोत्यांत, मजुरी द्यायची बाकी, व्याज चढलेले. म्हणून या धंद्यात समायोजन नोंदींशिवाय नफा कळतच नाही.

कंपनीला तर पर्यायच नाही. कंपनी कायदा २०१३, कलम १२८ प्रमाणे तिने उपार्जन पद्धतीनेच, म्हणजे पैसा कधी हातात आला-गेला यापेक्षा उत्पन्न आणि खर्च कोणत्या काळाचे आहेत हे पाहून, हिशेब ठेवायचा असतो.

आता एक काल्पनिक पेढी. बाजार फी, हमाली, आडत सोपेपणासाठी बाजूला ठेवू. हंगामात ४०० क्विंटल ओली मिरची ३,००० रुपये दराने घेतली : १२,००,००० रुपये. सुकून १०० क्विंटल झाली. सुकवणी-निवडणीची ६५,००० रुपये मजुरी दिली. त्यातली ४० क्विंटल मिरची १५,५०० रुपये दराने रोखीत विकली : ६,२०,००० रुपये. उरलेली ६० क्विंटल, म्हणजे चाळीस किलोची १५० पोती, शीतगृहात आहे. १ जानेवारीला वर्षभराचा २४,००० रुपयांचा विमा उतरवला. गल्ल्याकडे पाहिले तर या धंद्यात १२,८९,००० गेले आणि ६,२०,००० आले. ६,६९,००० ची खोट! मालक हवालदिल होईल. पण थांबा.

३१ मार्चला पाच प्रश्न विचारायचे.

एक, द्यायचे काय राहिले? सुकवणी-निवडणीची आणखी ३५,००० मजुरी बाकी आहे, ती एप्रिलमध्ये दिली जाईल. शीतगृहाचे भाडे माल काढताना द्यायचे आहे : १५० पोती, महिना २० रुपये, फेब्रुवारी आणि मार्च मिळून ६,०००. १ जानेवारीला घेतलेल्या ५,००,००० च्या कर्जावर १२ टक्क्यांनी तीन महिन्यांचे १५,००० व्याज चढले आहे. नोंद एकाच साच्याची : मजुरी खाते नावे ३५,०००, देणे मजुरी खाते जमा ३५,०००. भाडे आणि व्याजाचेही तसेच.

दोन, आगाऊ काय दिले? विम्याचे तीन महिने सरले, नऊ उरले. आगाऊ विमा खाते नावे १८,०००, विमा खाते जमा १८,०००.

तीन, आगाऊ काय घेतले? इथे काही नाही.

चार, काय झिजले? ८०,००० च्या तोलकाट्यावर १५ टक्के घसारा : १२,०००.

पाच, माल काय भावाने धरायचा? इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. मिरची विकण्याजोगी करायला लागलेली मजुरी मालाच्या किमतीत मिळवायची. १२,००,००० आणि १,००,००० मिळून १३ लाख, म्हणजे क्विंटलला १३,०००. शीतगृहाचे भाडे मात्र मिळवायचे नाही. तयार माल सांभाळून ठेवण्याचा खर्च त्या त्या काळाचा, असे लेखा मानक २ सांगते. शिल्लक माल ६० क्विंटल, ७,८०,०००. बाजार उतरून विक्रीचा खर्च जाता १२,५०० च हाती येणार असतील, तर तोच कमी भाव धरायचा.

आता स्प्रेडशीट. तीन पाने करा : तेरीज, समायोजन, अखेर. समायोजन पानावर प्रत्येक ओळीत नोंद क्रमांक, खाते, नावे, जमा आणि कारण. कारणाचा रकाना रिकामा सोडू नका, ऑडिटच्या वेळी तोच बोलतो. अखेर पानावर तेरजेतली रक्कम आणि ‘समइफ’ (SUMIF) या सूत्राने खात्याच्या नावावरून ओढलेली समायोजनाची बेरीज एकत्र येते. वर्षअखेरची तारीख एकाच घरात लिहा आणि सूत्रे त्या घराला बांधा. १८,००० असा आकडा टाइप करू नका, रक्कम आणि तारखांवरून काढू द्या. महिन्यांनी मोजले तर १८,००० येतात, दिवसांनी मोजले तर १८,०८२. कोणतीही रीत चालेल, पण वर्षानुवर्षे एकच.

एक सापळा ध्यानात ठेवा. ‘देणे मजुरी’च्या मागे एक मोकळी जागा जास्त पडली तर ‘समइफ’ मुकाट्याने शून्य देते. दोन्ही बाजूंची नावे चुकली, तर अखेरची तेरीज तरीही जुळते! म्हणून समायोजन पानाची बेरीज आणि अखेर पानावर पोहोचलेली बेरीज यांचा फरक दाखवणारे वेगळे घर ठेवा, आणि खात्यांची नावे यादीतून निवडण्याची सोय करा.

निकाल पाहू. विक्री ६,२०,०००. विकलेल्या मालाची किंमत ५,२०,०००. ढोबळ नफा १,००,०००. त्यातून विमा ६,०००, भाडे ६,०००, व्याज १५,००० आणि घसारा १२,००० वजा करून निव्वळ नफा ६१,०००. पैसा बुडालेला नाही, पोत्यांत आहे. पण भाव १२,५०० वर आला, तर नफ्यातले ३०,००० जातात.

मजुरीची नोंद विसरलो असतो तर? नफा ३५,००० नव्हे, १४,००० ने फुगला असता. बाकीचे २१,००० मालाच्या किमतीतून गळले असते. एक चूक दोन ठिकाणी मुरते, ती अशी.

१ एप्रिलला देणे मजुरी, भाडे आणि व्याज यांची उलट नोंद करा. नाहीतर पैसे देताना तोच खर्च नव्या वर्षात दुसऱ्यांदा पडेल. घसाऱ्याची उलट नोंद कधीच नाही.

गृहपाठ : याच पेढीने १ फेब्रुवारीला गोदामाचा कोपरा पोटभाड्याने दिला आणि सहा महिन्यांचे ३६,००० आगाऊ घेतले. तिसऱ्या प्रश्नाची नोंद करून पाहा. नफा ७३,००० आला तर पान बरोबर बांधले आहे. पुढच्या आठवड्यात उधारी आणि बुडीत येणे.