वणव्यापासून पळणारे, वणव्याकडे जाणारे

७ जानेवारी २०२५ रोजी लॉस एंजेलिसच्या पॅसिफिक पॅलिसेड्स आणि अल्टाडीना भागांत आगी भडकल्या. त्यांत १६ हजारांहून अधिक इमारतींची राख झाली, लाखाहून अधिक माणसांना घर सोडायचे आदेश निघाले. खान्देशातल्या ज्या घरांतली मुलं तिकडे आहेत त्यांनी रात्री-अपरात्री फोन लावले असणारच. बाकीच्यांनी सारं टीव्हीवर पाहिलं. पुढच्याच महिन्यात, १५ फेब्रुवारीला, महाराष्ट्राच्या वनविभागाचा आगीचा हंगाम सुरू झाला. तो दरवर्षी याच तारखेला सुरू होतो आणि १५ जूनपर्यंत चालतो. या चार महिन्यांत यावल, रावेर, चोपडा, शिरपूरच्या उत्तरेला रात्री सातपुड्यावर लाल रेघ दिसली, की गच्चीवर झोपलेली माणसं “डोंगर पेटला” म्हणतात आणि कूस बदलतात.

परदेशातली आग टीव्हीवरून घरात आली, घरामागची मात्र अनोळखीच राहिली. दोन्हींबद्दलचे समज मग एकमेकांत मिसळतात. तिकडचं भय इकडे चुकीच्या जागी लावलं जातं आणि इकडचा निवांतपणा तिकडे अंगाशी येऊ शकतो.

“वणवा आला की गाव खाली करावं लागतं”

सातपुड्यात असं सहसा होत नाही. कॅलिफोर्नियातली झुडपं तेलकट पानांची असतात, डोंगरावरची सूचिपर्णी झाडं शेंड्यापर्यंत पेटतात, आणि वाळवंटाकडून येणारे कोरडे सांता आना वारे आगीला शहरात ढकलतात. सातपुड्याचं जंगल पानझडीचं. साग, सालई, धावडा, मोह यांची पानं उन्हाळ्याच्या तोंडी गळून खाली आलेली असतात, त्यामुळे वर जळायला फारसं काही उरतच नाही. जळतो तो पाचोळा आणि वाळलं गवत. ज्वाळा बहुतेक वेळा गुडघ्या-कमरेएवढ्या असतात आणि आग जमिनीवरून सरपटत जाते.

गाव हलवण्याचा खान्देशाचा अनुभव आगीचा कमी आणि पाण्याचा जास्त आहे. हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडायची वेळ आली, की तापीकाठच्या गावांना सावधानतेचा इशारा जातो. पुराचा रस्ता ठरलेला असतो, तो नदीच्या पात्राने येतो. वणव्याचा रस्ता वारा ठरवतो. म्हणून पुराच्या अनुभवावरून वणव्याचा अंदाज बांधता येत नाही.

याचा अर्थ घरांना धोका नाही असा मात्र नव्हे. यावल अभयारण्यातल्या आणि त्याच्या आसपासच्या पावरा, तडवी, बारेला वस्त्यांमध्ये कुडाच्या भिंती, लाकडी मेढी आणि अंगणात गुरांचा चारा असतो. अशा घराला ज्वाळेची भिंत येऊन भिडावी लागत नाही, वाऱ्याने उडालेली एक ठिणगी पुरते. गंमत म्हणजे इथे दोन्ही देशांचं दुखणं एकच आहे. अमेरिकेतही बरीच घरं थेट ज्वाळेने पेटत नाहीत. आगीच्या कितीतरी पुढे उडत आलेले निखारे पन्हळीतल्या पाचोळ्यात, पोटमाळ्याच्या झरोक्यात किंवा दारालगतच्या वाळल्या झुडपात पडतात आणि घर आतून धुमसायला लागतं. म्हणून तिकडे घराभोवतीची पहिली पाच फूट जागा जळण्याजोग्या वस्तूंपासून मोकळी ठेवायला सांगतात. आपल्याकडे तीच गोष्ट कडब्याच्या गंजीला लागू आहे. घराला टेकून रचलेली गंजी ही वणव्याइतकीच चुलीच्या ठिणगीचीही सोय असते. मे महिन्यात पारा ४५ अंशांजवळ असताना गोठा पेटल्याची बातमी ज्याने वाचली नाही असा खान्देशी वाचक सापडणं कठीण.

“आदेश आल्यावर निघू, घाई कशाला?”

हा समज कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी जास्त महत्त्वाचा. तिथे दोन पायऱ्या असतात. ‘इव्हॅक्युएशन वॉर्निंग’ म्हणजे सामान बांधून तयार राहा. घरात म्हातारी माणसं, लहान मुलं, आजारी माणूस किंवा जनावर असेल तर तेव्हाच निघा. ‘ऑर्डर’ म्हणजे आत्ता, या क्षणी बाहेर पडा. उन्हाळ्यात सहा महिन्यांसाठी नातवंडांकडे गेलेल्या आजी-आजोबांना हा फरक माहीत असायला हवा, कारण ते पहिल्या पायरीवरच निघण्याच्या गटात मोडतात.

आणि आदेश वेळेवर येईलच असंही नाही. अल्टाडीनाच्या पश्चिम भागात घर सोडायचा आदेश निघाला तो आग लागल्यानंतर जवळजवळ नऊ तासांनी, पहाटे साडेतीनच्या सुमारास. त्या आगीतले बहुतेक मृत्यू याच पश्चिम भागात झाले. नोव्हेंबर २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्याच पॅराडाइस या गावात आणि आसपास वणव्यात ८५ माणसं गेली, आणि तिथे बाहेर पडायचे रस्ते मोटारींनी तुंबले होते. बागेच्या नळीने छपरावर पाणी मारत थांबायचा बेतही फसतो. सगळे बंब आणि सगळ्या नळ्या एकाच वेळी सुरू झाल्या की पाण्याचा दाब पडतो. पॅलिसेड्समध्ये तर रस्त्यावरचे काही हायड्रंट कोरडे पडले. धूर दिसतो आहे आणि वारा आपल्याकडे आहे, एवढं कारण निघायला पुरेसं असतं. पासपोर्ट आणि औषधं दाराजवळ असली म्हणजे झालं.

“उन्हाने पेट घेतला, बांबूवर बांबू घासला”

शाळेच्या पुस्तकापासून ऐकलेलं हे कारण फार टिकाऊ आहे. पण ४५ अंशांच्या उन्हात पाचोळा वाळतो, पेट घेत नाही; त्यासाठी याच्या कित्येक पट उष्णता लागते. विजेने आग लागू शकते, पण खान्देशात फेब्रुवारी ते एप्रिल आभाळ बहुधा कोरडं असतं, आणि वळवाच्या विजा आल्या तर पाऊसही सोबत आणतात. भारतातल्या वणव्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक माणसाच्या हातून लागतात, असं वनविभाग आणि अभ्यासक सातत्याने सांगत आले आहेत. शेताचा बांध जाळताना वारा फिरतो, घाटात मोटारसायकल थांबवून कुणी विडी टाकतो, पार्टीची चूल विझवायची राहते. जाणूनबुजून लावलेल्या आगीही असतात, कधी नवं गवत लवकर फुटावं म्हणून, तर कधी वनजमीन मोकळी करून नांगर घालण्यासाठी.

“आदिवासीच जंगल जाळतात”

अर्धवट खरी असल्यामुळे ही समजूत जास्त त्रासदायक आहे.

मोहाची फुलं मार्च-एप्रिलमध्ये रात्री-पहाटे गळतात. फिकट पिवळं फूल पाचोळ्यात दिसत नाही, म्हणून झाडाखालची जागा साफ करावी लागते, आणि झाडण्यापेक्षा जाळणं सोपं. ही आग झाडाखालीच विझवली तर प्रश्न नसतो. ती तशीच सोडली की डोंगर चढते. तेंदूचं, म्हणजे टेंभुर्णीच्या पानाचंही तसंच. जाळल्यावर टेंभुर्णीला कोवळे फुटवे येतात आणि विडीला चांगलं पान मिळतं, हा जुना हिशेब. तो आदिवासींइतकाच पानाच्या ठेकेदारांचाही आहे, हे मात्र कुणी म्हणत नाही. यावर उपाय अवघड नाहीत. मोहाखाली जाळी किंवा जुनी साडी बांधली, की फूल स्वच्छ मिळतं आणि मातीही लागत नाही. टेंभुर्णीची झुडपं वेळेवर छाटली, तर जाळल्याविनाच फुटवे येतात.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने तर याहून धाडसी निर्णय घेतला. सामूहिक वनहक्क मिळाल्यावर तिथल्या ग्रामसभेने तेंदू तोडणंच बंद केलं. त्यातून होणारी छाटणी आणि जाळपोळ जंगलाला परवडणारी नाही, असं गावाने ठरवलं आणि उत्पन्नासाठी बांबूवर भर दिला. रोख पैसा देणारं पान सोडणं गरीब गावाला किती जड गेलं असेल, हे शहरात बसून सांगायची गोष्ट नव्हे.

धुळे जिल्ह्यातलं उदाहरण आणखी जवळचं आहे. साक्री तालुक्यात, गुजरातच्या सीमेलगतच्या बारीपाडा या लहानशा गावाने १९९० च्या दशकात उजाड झालेलं जंगल राखायला घेतलं. कुऱ्हाडबंदी, दंड, राखणदार असे नियम गावानेच केले. सुमारे ११०० एकरांचं ते जंगल आज उभं आहे, आणि या कामात पुढे असलेल्या चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. तिथे दरवर्षी रानभाज्यांची पाककला स्पर्धा भरते. ज्या गावाला जंगलातून भाजी, लाकूड आणि विहिरीचं पाणी मिळतं, त्याला काडी लावणारा हात आपलाच असो की परका, तो अडवायचं कारण असतं. ‘आदिवासी विरुद्ध जंगल’ अशी मांडणी बारीपाड्याला बसत नाही.

“पहिला पाऊस पडला की सगळं पुन्हा हिरवं”

हिरवं होतं हे खरं. सागाची साल जाड असते, मोठं झाड सरपटती आग सोसतं. पण त्याच्या पायाशी उगवलेली, दोन-तीन वर्षांची रोपं जळतात. दरवर्षी आग आली तर दरवर्षी तीच पिढी जाते, आणि जंगल म्हाताऱ्या झाडांचं होऊन बसतं. जमिनीवर घरटं करणारे तित्तर उन्हाळ्यात अंडी घालतात. पोखरलेली जुनी खोडं तर आतून दिवसेंदिवस धुमसत राहतात आणि शेवटी कोसळतात.

या पोकळ खोडांना खान्देशात विशेष मोल आहे. रानपिंगळा हे छोटं घुबड अशाच ढोल्यांत घरटं करतं. १८८४ मध्ये जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याने खान्देशात त्याचे नमुने गोळा केले, त्यानंतर ११३ वर्षं ते कुणाला खात्रीने दिसलं नाही आणि नामशेष मानलं गेलं. नोव्हेंबर १९९७ मध्ये पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि तिच्या सहकाऱ्यांना ते शहाद्याजवळ पुन्हा सापडलं, तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यातच होतं. पुढे यावलच्या जंगलातही त्याची नोंद झाली. त्याच्या अधिवासाला असलेल्या धोक्यांमध्ये वणव्याचं नाव आहेच.

पक्ष्याचं कुणाला वाटत नसेल तर केळीचं वाटेल. यावल-रावेरच्या केळीपट्ट्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी, दगडगोट्यांच्या गाळाचा ‘बझाडा’ पट्टा आहे. डोंगरावरून येणारं पाणी इथेच जमिनीत मुरतं आणि खालच्या विहिरी-कूपनलिकांना जातं. वर पाचोळ्याचा थर असेल तर पाऊस अडखळत, मुरत खाली येतो. तो थर जळाला, की पहिल्याच जोरदार सरीत राख आणि माती नाल्यात आणि पाणी थेट तापीत. पाण्याची पातळी खोल गेली म्हणून तापी महापुनर्भरणासारख्या मोठ्या योजना आखल्या जातात. दोनशे फूट वर डोंगरावर पडलेला पाचोळा मात्र कुणाच्या अंदाजपत्रकात नसतो.

“आता उपग्रह आहेत, चिंता नको”

डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहांच्या मदतीने आगीचे इशारे पाठवते, आणि नोंदणी केल्यास सामान्य माणसालाही ते मोबाइलवर मिळतात. सोय उत्तम आहे. पण हे उपग्रह एका जागी थांबून सातपुड्याकडे बघत नसतात. ज्याच्यावर भर असतो तो दुपारी दीड आणि रात्री दीडच्या आसपास वरून जातो. संध्याकाळी पाचला लागलेली आग त्याला मध्यरात्रीनंतर दिसणार. त्याचा एक ठिपका ३७५ मीटरचा, तेव्हा कोपऱ्यातली छोटी आग सुटूही शकते. नंतर तो संदेश ज्या वनरक्षकाला जायचा, त्याच्या बीटात मोबाइलला रेंज असेलच असं नाही.

“वनखातंच आग लावतं”

हो, लावतं. हंगामाआधी, थंडीतच, ठरावीक पट्ट्यांतलं गवत कापून आणि जाळून जाळरेषा काढल्या जातात, म्हणजे पुढे आलेल्या वणव्याला तिथे खायला काही उरत नाही. जानेवारीत कर्मचाऱ्यांच्या देखरेखीखाली पेटलेली रेघ आणि एप्रिलमध्ये मोकाट सुटलेली आग यांत फरक आहे.

“आपला वणवा किरकोळ, त्यात माणसं मरत नाहीत”

मरतात, पण घर सोडून पळणारी नव्हे. एप्रिल २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या नागझिरा अभयारण्यात आग विझवताना तीन वनमजूर होरपळून गेले. हातात झोडपायला हिरव्या डहाळ्या, फार तर पाचोळा उडवणारा ब्लोअर, आणि पायात साधी चप्पल-बूट अशा तयारीनिशी ही माणसं आगीसमोर उभी राहतात. मार्च २०१८ मध्ये तमिळनाडूतल्या कुरंगणीत तर डोंगर चढायला गेलेले हौशी लोक अडकले आणि २३ जण गेले.

कुरंगणीसारखी वेळ पाटणादेवी, तोरणमाळ किंवा पालच्या डोंगरात हिंडणाऱ्यांवरही येऊ शकते, म्हणून एवढं लक्षात असावं: आग चढावर फार वेगाने धावते, कारण तिची उष्णता वरचं गवत आधीच वाळवून ठेवते. तेव्हा वर पळू नये. आगीच्या बगलेने खाली, नाल्याच्या रुंद, मोकळ्या पात्रात, नांगरलेल्या शेतात किंवा आधीच जळून काळ्या पडलेल्या जमिनीवर जावं; जळलेलं पुन्हा जळत नाही. नायलॉनचे कपडे अंगाला चिकटतात, सुती बरे.

आणि आग दिसली की कळवायचं कुणाला? वनविभागाचा १९२६ हा फोन क्रमांक त्यासाठीच आहे. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम ७९ नुसार जंगलात हक्क उपभोगणाऱ्यांवर आगीची खबर देणं आणि ती विझवायला मदत करणं बंधनकारकही आहे. राखीव जंगलात आग लावणं हा कलम २६ खाली गुन्हा. फोनवर ‘डोंगर पेटलाय’ एवढं सांगून काम होत नाही. कोणत्या गावाच्या कोणत्या बाजूला, कोणत्या नाल्याच्या वर, वारा कुठून कुठे, आणि तिथपर्यंत गाडी जाते का, हे चार तपशील दिले तर वनरक्षकाचा तासभर वाचतो. रेंज नसलेल्या पाड्यावरून कुणाला तरी मोटारसायकलवर रस्त्यापर्यंत पाठवावं लागतं. बाकीचे तोवर डहाळ्या तोडायला लागलेले असतात.