बटाट्यातली कुजबुज

नवी मुंबईच्या एपीएमसी मार्केटमध्ये कधी गेलात, तर कांदा-बटाटा मार्केटात डोकवा. गाळ्यागाळ्यांत गोण्यांच्या थप्प्या! एखाद्या गोणीवर ओला डाग दिसला, की समजायचं, आत बटाटा सडलाय. साल जागच्या जागी, पण बोटानं जरा दाबलं की आतून लगदा बाहेर. एवढा टणक बटाटा असा पातळ केला कुणी?

पेक्टोबॅक्टेरियम नावाच्या जिवाणूनं! हे जिवाणू एका ओळीत लावले, तर एका मिलिमीटरमध्ये साधारण पाचशे मावतील. बटाटा खरचटलेला आणि ओला असला, की ते आत शिरतात. पण लगेच हल्ला करत नाहीत बरं का!

बटाट्याच्या पेशी पेक्टिन नावाच्या चिकट पदार्थानं एकमेकींना धरून असतात. ते विरघळवणारी विकरं या जिवाणूंकडे असतात. पण दोघाचौघांनीच ती सोडली, तर बटाटा सावध होऊन स्वतःचा बचाव करू लागेल.

म्हणून आधी मोजणी! प्रत्येक जिवाणू एक चिमुकला रेणू बाहेर सोडत राहतो. जिवाणू थोडे असले, तर रेणू विरून जातात. एकाचे दोन, दोनाचे चार होत गर्दी वाढली, की रेणूही दाटतात आणि सगळ्यांना कळतं, ‘आता आपण पुरेसे आहोत!’ जड पेटी उचलताना माथाडी कामगार पुरेसे हात जमले की एकदम जोर लावतात ना, तस्संच. विकरं भराभर तयार होतात आणि जिवाणूच्या आवरणातल्या, प्रथिनांनी बनलेल्या खास वाटेनं बाहेर पडतात. मग पेक्टिन विरघळतं आणि बटाट्याचा लगदा होतो.

हे कशावरून? १९९३ मध्ये शास्त्रज्ञांनी हा रेणू बनवूच न शकणारे जिवाणू तपासले. त्यांना वनस्पती नीट सडवता येईना. बाहेरून तोच रेणू दिला, की पुन्हा कामाला लागले!

पुढची गंमत सिंगापूरची. मातीतल्या बॅसिलस नावाच्या एका जिवाणूकडे हा रेणू मोडणारं विकर असतं, हे तिथल्या शास्त्रज्ञांनी २००० मध्ये दाखवलं. त्या विकराचा जनुक त्यांनी बटाट्याच्या आणि तंबाखूच्या झाडांत घातला, तर ती झाडं सडण्याला चांगलं तोंड देऊ लागली. जिवाणूंना मारायचं नाही, नुसता त्यांचा निरोप मोडायचा!

माणसाला आजारी पाडणारे कितीतरी जिवाणूही असेच निरोप पाठवतात. ते अडवणारी औषधं शोधायला जगभर शास्त्रज्ञ झटत आहेत. आपल्याला घरी एवढं नक्की जमेल: बटाटे कोरडे ठेवा, खरचटलेला आधी वापरा आणि सडलेला दिसला की लगेच बाजूला काढा.