वृषभाचलावरील नाव

आचार्य जिनसेनांच्या ‘आदिपुराणा’त एक मार्मिक प्रसंग आहे. षट्खंड जिंकून भरत चक्रवर्ती वृषभाचलावर आपले नाव कोरावयास जातो. पाहतो तो पूर्वीच्या चक्रवर्तींच्या नावांनी शिळा भरून गेलेली. अखेर एक नाव पुसून त्या जागी तो आपले लिहितो. पण त्याचा गर्व तेथेच गळून पडतो.

नवव्या शतकातील या संस्कृत काव्याची जाणीव चित्रपटगीतांतही उतरली आहे. ‘पिंजरा’ (१९७२) चित्रपटात गाव गुरुजींना मृत समजून त्यांचा पुतळा उभारते आणि स्वतः गुरुजी आपल्याच खुनाचे आरोपी ठरतात. प्रतिष्ठेच्या या पतनाला जगदीश खेबुडकरांनी शब्द दिले आणि कोल्हापूरचे सुपुत्र सुधीर फडके यांनी स्वर दिला.

मंगळवार पेठ-खासबाग परिसरात याचा दाखला डोळ्यांसमोरच आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभारलेले ‘पॅलेस थिएटर’ आज गायकनट केशवराव भोसले यांच्या नावाने ओळखले जाते. केशवरावांना आयुष्य लाभले अवघे ३१ वर्षांचे. ८ ऑगस्ट २०२४ रोजी, त्यांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येस, ही वास्तूही आगीच्या भक्ष्यस्थानी पडली.

अनित्य भावनेचे चिंतन आपण नित्य करतो. तरीही मंदिराच्या जीर्णोद्धारात नवी दानपाटी बसविताना जुन्या दात्याची शिळा कोठे जाते, हे किती जण पाहतात? चक्रवर्तीला जे पुसावे लागले, ते आपण तरी जपावे.