वेशीवरचं जनावर

दिवाळीच्या सुट्टीत मानोऱ्यातल्या एका ओसरीवर, सोयाबीनच्या पोत्याला टेकून, सहावीतला एक पोरगा मोबाइलवर गाव वसवत बसला होता. घरं झाली, शेत झालं, विहीर झाली. शेजारी बसलेल्या मामाने, म्हणजे प्रस्तुत लेखकाने, हौसेने मोबाइल हातात घेतला आणि नको तिथे बोट लावलं. एका गावकऱ्याला फटका बसला. त्यासरशी कुठूनसा एक लोखंडी धिप्पाड गडी लांब हात हलवत आला आणि त्याने मामाला उचलून आपटलं. खेळ खलास.

"मामा, थो गावाचा हाय. तुमी विलेजरले हात लावला म्हून थ्यानं तुमाले हाणलं," भाच्याने शांतपणे सांगितलं.

हा गडी म्हणजे माइनक्राफ्टमधला आयर्न गोलेम. 2012 साली तो खेळात आला. बनवायची रीत अशी: लोखंडाचे चार ठोकळे इंग्रजी 'टी'च्या आकारात रचायचे आणि सगळ्यात शेवटी वर कोरलेला भोपळा ठेवायचा. एका ठोकळ्याला नऊ विटा, म्हणजे एका गड्याला छत्तीस विटा लोखंड. खेळणाऱ्याचा जीव 20 गुणांचा, तर याचा 100. मार बसत गेला की त्याच्या अंगावर भेगा पडत जातात आणि लोखंडाची वीट लावली की त्या बुजतात. रात्री झोम्बी आले की हा त्यांना हवेत भिरकावतो. एरवी गावात रेंगाळतो आणि मध्येच एखाद्या गावकऱ्याच्या पोरापुढे हात करून लाल फूल धरतो. चार ठोकळ्यांच्या राक्षसाला हे फूल देणाऱ्याने खेळात मोठीच गंमत करून ठेवली आहे.

त्याची वंशावळ थोडक्यात सांगायची तर 'गोलेम' हा शब्द ज्यू परंपरेतला. सोळाव्या शतकात प्रागच्या एका रब्बीने आपल्या वस्तीच्या रक्षणासाठी मातीचा माणूस घडवला, अशी दंतकथा आहे. तिथून तो कथा-कादंबऱ्यांत शिरला आणि पुढे खेळांत. 1986 सालच्या जपानी 'ड्रॅगन क्वेस्ट'मध्ये तो कँटलिन नावाच्या शहराच्या तोंडाशीच उभा असतो. बासरी वाजवून त्याला झोपवावं लागतं. 'क्लॅश ऑफ क्लॅन्स'मधला गोलेम आपल्या सैन्याच्या वाटचा मार स्वतः खातो आणि मेला की फुटून त्याचे दोन छोटे गोलेम होतात. झाली वंशावळ.

ती एवढ्यावरच आटोपली, कारण प्रस्तुत लेखकाचा जीव खरा अडकला आहे तो आपल्याकडच्या दगडी दारवानात. त्याचं नाव शरभ. महाराष्ट्रातले किल्ले पालथे घालणाऱ्यांना तो नवा नाही. देह सिंहाचा किंवा वाघाचा, जबडा वासलेला, काही ठिकाणी खांद्याला पंख आणि पंजाखाली हत्ती. शिवनेरीच्या दरवाज्यावर तो आहे. जंजिऱ्याच्या महाद्वाराशी असंच एक जनावर पंजांत हत्ती दाबून बसलं आहे. पर्यटक त्याला 'वाघ' म्हणतात, फोटो काढतात आणि होडी सुटेल म्हणून पळतात. वाघाने एका वेळी एवढे हत्ती धरल्याचं कुणी पाहिलं आहे का, हा प्रश्न घाईत राहूनच जातो.

शरभ मुळात फार जुना. महाभारताच्या शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला एक गोष्ट सांगतात. एका ऋषीच्या आश्रमात एक गरीब कुत्रा असतो. बिबट्या त्याच्यावर चालून येतो, तेव्हा ऋषी कुत्र्याचाच बिबट्या करतात. पुढे वाघ येतो, कुत्र्याचा वाघ होतो. हत्ती आला की हत्ती, सिंह आला की सिंह. शेवटी येतो सिंहालाही मारणारा, आठ पायांचा शरभ. मग कुत्र्याचाही शरभ होतो. आणि आता खायला दुसरं कुणी उरलं नाही म्हणून तो ऋषींकडेच बघू लागतो. ऋषी त्याचा परत कुत्रा करतात. भाच्याला ही गोष्ट सांगितली, तेव्हा त्याने मोबाइलवरून नजर न काढता निकाल दिला: "म्हंजे लेव्हल वाढली आन् मंग अकाउंटच रिसेट झालं."

पोरगं चुकलं नाही. शरभाची पुढची कहाणी तर लेव्हलचीच आहे. हिरण्यकशिपूला फाडल्यावर नरसिंहाचा राग उतरेना, तेव्हा शंकराने शरभाचं रूप घेऊन त्याला आवरलं, असं शैव सांगतात. वैष्णवांना हे पटणार कसं? त्यांनी सांगितलं की नरसिंहाने उलट गंडभेरुंडाचं रूप घेतलं आणि शरभालाच धरलं. गंडभेरुंड म्हणजे दोन डोक्यांचा महापक्षी. हत्तीवर सिंह, सिंहावर शरभ, शरभावर गंडभेरुंड. आपला देव हरू नये म्हणून प्रत्येक पंथाने एकेक वरचढ जनावर जन्माला घातलं. आज तोच पक्षी कर्नाटक राज्याच्या बोधचिन्हात आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना हत्तीच्या तोंडाचे सिंह उभे आहेत.

गंडभेरुंड बघायला मात्र कर्नाटकात जायची गरज नाही. मानोऱ्याहून कारंजा, अमरावती, परतवाडा करत चिखलदऱ्याचा घाट चढला की गाविलगड येतो. 1425-26च्या सुमारास बहमनी सुलतान अहमदशाह वलीने तो बांधला. गडाच्या दिल्ली दरवाज्यापाशी प्रस्तुत लेखक मान मोडेपर्यंत वर बघत राहिला. तिथे सिंह आहेत, हत्ती आहेत आणि दोन्ही चोचींत हत्ती धरलेला गंडभेरुंडही आहे. हत्ती किती लहान, तर घारीने उंदीर उचलावा तसे. सोबतचे लोक पुढच्या पॉइंटवर मक्याचं कणीस खायला निघून गेले, तरी पाय निघेना.

सुलतानी गडावर नरसिंहाचं हे रूप काय करतंय? याचं उत्तर वऱ्हाडच्या इतिहासात आहे. 1490 साली वऱ्हाडात इमादशाही स्थापन करणारा फतहुल्ला इमाद-उल-मुल्क जन्माने विजयनगरच्या मुलखातला कानडी हिंदू. लहानपणी तो पकडला गेला, मुसलमान झाला आणि वऱ्हाडात वाढला. गंडभेरुंड ही विजयनगरचीही खूण. अचलपुराहून राज्य करणाऱ्या माणसाने जन्मभूमीतलं जनावर दारावर बसवलं, असा तर्क जुन्या अभ्यासकांनी केला आहे आणि तो मनाला पटतो. धर्म बदलला, राजधानी बदलली, पण दार राखायला कुणाला ठेवायचं, हे बालपणीच ठरून गेलेलं दिसतं.

आता विचारणारे विचारतात की, एवढं जनावर दारावर असताना गड पडला कसा? पडला खरा. 1803च्या 29 नोव्हेंबरला अडगावची लढाई झाली आणि 15 डिसेंबरला इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजांनी नागपूरकर भोसल्यांकडून गाविलगड घेतला. वेलस्लीचा सहकारी स्टीव्हन्सन याच्या तोफांनी उत्तरेकडचा तट फोडला. आतल्या किल्ल्याचं दार काही फुटेना, तेव्हा कॅप्टन कॅम्पबेलच्या तुकडीने तटाला शिड्या लावल्या, आत उड्या टाकल्या आणि दार आतून उघडलं. किल्लेदार बेनीसिंग लढताना पडला. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. दारावरच्या जनावरांची आणि गनिमाची गाठ अशी पडलीच नाही.

प्रस्तुत लेखकाचं मत असं की शरभ तोफा अडवायला नव्हताच. परका माणूस दारात आला की त्याने मान वर करावी, पंजाखालचा हत्ती पाहावा आणि आत कोण राहतं याचा अंदाज घ्यावा, एवढ्यासाठी तो. आयर्न गोलेमला मार खाता येतो; शरभाला फक्त दिसता येतं.

असे दिसणारे राखणदार मानोऱ्याच्या आसपासही कमी नाहीत. कारंज्यात दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस आणि पोहा वेस अजून ओळखीच्या आहेत. ज्या कारंज्यात नृसिंह सरस्वतींचा जन्म झाला, तिथे शरभाची गोष्ट मात्र जरा जपून सांगावी लागते! जुन्या देवळांच्या उंबरठ्यावर कीर्तिमुख असतं, नुसतं तोंड, धड नाही. शंकराने राहूला खाण्यासाठी त्याला निर्माण केलं, मग राहूला अभय दिलं. भुकेल्याने काय खावं, तर शंकराच्या सांगण्यावरून त्याने स्वतःचंच अंग खाल्लं. खूश होऊन शंकराने त्याला दारातली जागा दिली. गावच्या वेशीवर मारुती आहे. आणि शेतात जुना सदरा घालून, मडक्याच्या डोक्याने उभं असलेलं बुजगावणं आहेच. माइनक्राफ्टमधला भोपळ्याच्या डोक्याचा बर्फाचा गोलेम त्याचा चुलतभाऊच शोभेल.

जाता जाता एक वाईट बातमी. आयर्न गोलेम मेला की त्याच्यातून तीन ते पाच विटा लोखंड मिळतं. म्हणून जगभरचे खेळाडू एक सापळा रचतात: गावकऱ्यांना झोम्बी दाखवून घाबरवायचं, घाबरले की राखणीला नवा गोलेम आपोआप उभा राहतो, त्याला लगेच तापलेल्या लाव्ह्यात ढकलायचं आणि लोखंड गोळा करायचं. याला 'आयर्न फार्म' म्हणतात. भाच्याच्या गावाच्या मागच्या बाजूला असं एक फार्म निघालं.

मामाचं तोंड पडलेलं पाहून त्याने गावाला एक दगडी वेस बांधली, दोन्ही अंगांना एकेक गोलेम कुंपणात उभा केला आणि मोबाइल पुढे धरला.

"घ्या, तुमचा शरभ."

"याला आठ पाय पाहिजेत."

"आठ नाही बनत, मामा. दोनच येतात," असं म्हणून त्याने डाव्या गोलेमच्या छातीवरची भेग लोखंडाची वीट लावून बुजवली.